वेशीवर थांबलेला चितारी

सावळेरामबुवांना राग येतो, ही गोष्ट चितारमळ्यात कुणाला ठाऊकच नव्हती. बाप मेंढरं वळायचा. मेंढरांमागं चालता चालता पोराचा गळा तयार झाला, आणि पुढं जुन्नर-आंबेगावातली गावं त्याला सप्त्याला बोलावू लागली. क्रोधावर निरूपण सुरू झालं की सुनांशी भांडून आलेल्या म्हाताऱ्याही पदरानं डोळे पुसायच्या. असा हा लोण्यासारखा माणूस त्या दिवशी सप्ता कमिटीच्या बैठकीत ताडकन उभा राहिला. हातातला चहा धोतरावर सांडला, पण त्यांना भान नव्हतं.

"पुन्हा बोल," ते म्हणाले. "काय म्हणालास ते पुन्हा बोल, भरत."

भरत कमिटीचा अध्यक्ष. पिंपरी पेंढारच्या फाट्यावर त्याचं मंडप-स्पीकरचं दुकान. सप्त्याचा मंडप त्याचा, स्पीकर त्याचा, जनरेटर त्याचा, त्यामुळे अध्यक्षपदही त्याच्याकडेच चालत आलेलं.

"आबा, चिडताय कशाला? मी एवढंच म्हणालो, यंदा सहाव्या दिवशी ते याकूबबुवाचं कीर्तन नको. दुसरं कायबी लावा. आन् जुन्नरच्या कासमला नारळ धाडायचा न्हाई. आपलं देऊळ, आपला सप्ता, त्यात मुसलमानाचं चरित्र कशाला? लोकं इचारत्यात."

"कोण लोकं? वस्तीतलं कोण?"

"वस्तीतलं न्हाई. मोबाइलवर इचारत्यात."

आता चितारमळ्याचं हे कीर्तन म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेंढारच्या शिवाराला लागून ही लहानशी वस्ती. तिच्या देवळाच्या सभामंडपात एका भिंतीवर फार जुनं चित्र आहे. रंग उडालेत, पोपडे आलेत, पण माणसं अजून ओळखू येतात. घोंगडी पांघरलेला मेंढका आहे, पदराखाली लेकरू घेतलेली बाई आहे, ओल्या बाह्या कोपरापर्यंत सारलेला कागद करणारा आहे. सगळी कीर्तन ऐकायला बसलीत, सगळ्यांचे डोळे एकाच जागी लागलेत, आणि त्या जागी काहीच नाही. नुसती कोरी भिंत. चितारी होता याकूब, परमुलखातून आलेला. त्यानं देव काढायला साफ नकार दिला. गाव रुसलं, तेव्हा त्या जागेवर एक कोरा कागद लावून तो म्हणाला, ज्यानं त्यानं आपला देव ह्यावर बघावा.

तेव्हापासून सप्त्याच्या सहाव्या दिवशी त्याच्या चरित्राचं कीर्तन होतं. आधी जुन्नरच्या कागद्यांच्या घरी, म्हणजे आता कासमकडे, मानाचा नारळ जातो, कारण याकूबला आसरा दिला तो ह्याच घरानं. मग त्या घरचं माणूस कोरा कागद घेऊन येतं. पूर्वी तो त्यांच्याच हौदातला असायचा, चिंध्या कुजवून, कुटून, हातानं उचललेला. आता हाताचा कागद कोण करतंय? ड्रॉइंगचा आणतात. पण आणतं ते त्याच घरचं माणूस. कागद कीर्तनाच्या गादीमागं, त्या कोऱ्या जागी लागला की मगच बुवांनी उभं राहायचं. शिवाय वस्तीत शनिवारी कुणी चुन्याला, रंगाला हात लावत नाही, तेही त्या चिताऱ्यामुळंच. तो शनिवारी काम करत नसे. आजच्या पोरांना विचारलं तर ती सांगतात, मारुतीचा वार म्हणून.

सावळेरामबुवांनी चहाचा कप खाली आपटला.

"अरे, तो मुसलमान न्हवताच! यहुदी व्हता, यहुदी! दरसाल बोंबलून सांगतोय मी. तू ऐकलंस कधी? कीर्तन चालू झालं की तू मंडपाबाहेर जनरेटरपाशी. खोडदच्या त्या दुर्बिणीच्या तबकड्यांना म्हणं आभाळाच्या पल्याडचं ऐकू येतं, आन् तुला हाताच्या अंतरावरचं ऐकू आलं न्हाई!"

कमिटीतले दोघं-तिघं हसले. भरत मात्र मोबाइल काढून बसला. बोट फिरवता फिरवता त्याचा चेहरा खुलत गेला.

"यहुदी म्हंजी ज्यू? आवं आबा, मग आधी नाय का सांगायचं राव! हे तर लई भारी झालं. बाहेरदेशचे पावणे येत्याल बघायला. फाट्यावर कमान टाकू. कीर्तन तर व्हायाच पायजे!"

"बघ," बुवा खाली बसले. त्यांना वाटलं, मिटलं.

कोपऱ्यातल्या जानकूनं विचारलं, "मग कासमचा नारळ?"

"त्याचा काय संबंध आता?" भरत म्हणाला. "चितारी त्यांचा न्हवता ना? मग मान कशाचा? कागद मीच आणतो. आन् आबा, ते कागद्याचं तेवढं गाळा चरित्रातनं. बाकी सगळं सांगा, बिनधास्त."

कासमचं दार उघडं राहावं म्हणून सावळेरामबुवा धावले होते, आणि त्यांच्याच बोलण्यानं त्या दाराला बाहेरून कडी लागली होती. बैठक उठली. माणसं आनंदात कमानीचं बोलत बाहेर पडली. भरतवर संताप होताच, पण त्याहून मोठा स्वतःवर होता, आणि तो ओकायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच नारळ घेऊन एस्टीनं जुन्नरला गेले. बाजारपेठेतल्या बोळात कासमचं दुकान आहे, बाइंडिंगचं आणि लग्नपत्रिकांचं. कासम कटरवर पत्रिकांच्या कडा कापत होता. नूरबी, त्याची बायको, गठ्ठ्यांना दोरा बांधत होती. एरवी बुवांना बघून "या या, म्हाराज," म्हणून स्टूल पुढं यायचं. आज आलं नाही.

"निरोप पोचला," कासम मान वर न करता म्हणाला. "मोबाइलवर. यंदा तसदी घेऊ नये. तसदी! माझ्या आजोबांच्या अंगात ताप व्हता तरी त्यांनी कागद पोचवला, बुवा. बाबा गेले त्या साली मी सुतकासारखा घरात बसलो न्हाई, नारळ आला तसा उठलो. ती तसदी व्हती व्हय?"

"कासमभाई, मी त्यांना लई बोललो. मी म्हणालो, तो मुसलमान न्हवताच, तो—"

"ते बी ऐकलं," नूरबी म्हणाली. तिनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. "म्हाराज, एक इचारू? न्हवता तो मुसलमान. आमाला काय ठावं न्हाई व्हय? आमच्या घरात राहिला, शुक्रवारी सांजेला दिवा लावायचा, शनिवारी काम करायचा न्हाई, हे आमच्या सासऱ्यांनी मला लगीन झाल्या झाल्या सांगितलं. पण तुमी ते तिथं बोललात कशापायी?"

"चिताऱ्याला वाचवायला, वैनी."

"कुणापास्नं? आमच्यापास्नं?"

कासमनं कटर जोरात खाली दाबला. एक गठ्ठा तिरका कापला गेला. त्यानं तो उचलून भिंतीवर भिरकावला.

"मी येणार न्हाई," तो म्हणाला. "आता कमिटी पालखी घेऊन आली तरी न्हाई. नारळ परत न्या."

"मग मीबी उभा राहत न्हाई. होऊ दे त्यांचं काय व्हायचं ते."

"वा!" नूरबी उसळली. "म्हंजे त्यांचं काम आयतं झालं. तुमी घरात रुसून बसा, ते दुसरा कुणी आणतील, आन् तो त्यांना पायजे तेवढंच सांगल. तुमास्नी उभं राहायला गादी तरी हाय, म्हाराज. आमाला ती बी न्हाई. जावा आता, एस्टी चुकंल."

सप्त्याच्या सहाव्या दिवशी सकाळी मंडप भरला. पेंढारहून, ओतूरहून, आसपासच्या मळ्यांतून माणसं आली होती. देवळामागं मोठ्या पातेल्यांत वरण शिजत होतं, लापशीचा वास येत होता. बुवा पागोटं बांधून आत आले आणि गादीपाशी येऊन थबकले.

मागच्या कोऱ्या जागेवर फ्लेक्स होता. निळा, चकचकीत, 'आंतरराष्ट्रीय चित्रकार याकूबजी' असं सोनेरी अक्षरांत छापलेला, आणि खाली कुठल्या तरी गोऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो. कोण कुठला, देव जाणे. मोबाइलवर सापडला तो भरतनं छापला होता. ज्या जागेवर याकूबनं गाव रुसलं तरी देवाचं तोंड काढलं नाही, तिथं हे तिसऱ्याच कुणाचं तोंड हसत होतं.

"काढ ते," बुवा म्हणाले.

"राहू द्या ओ आबा, गावोगाव फोटो गेलेत. उभं राहा, उशीर होतोय."

बुवांनी एकवार वस्तीकडं पाहिलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. त्यांनी गादीला नमस्कार केला, टाळकऱ्यांनी टाळ उचलले, भागूनं मृदंगावर थाप दिली आणि नामघोष सुरू झाला. नाम घेताना तरी राग उतरेल असं त्यांना वाटलं होतं. उतरला नाही. उलट प्रत्येक गजराबरोबर तो चढत गेला, आणि चरित्राला तोंड फुटलं तेव्हा त्यांचा आवाज लोकांना ओळखू येईना.

"समुद्रापल्याड फिरंग्यांचा मुलूख. तिथं याकूबच्या आज्याला राजानं सांगितलं, धर्म सोड नायतर मुलूख सोड. म्हाताऱ्यानं वरवर सोडला. नाव बदललं, त्यांच्या देवळात गेला, गुडघे टेकले. पण घरात, दार लावून, नातवाच्या कानात त्याचं खरं नाव सांगितलं. याकूब! पोराच्या हातात कला व्हती. तेनं काय काढलं असंल? दुसऱ्यांचे देव. मोठमोठ्या भिंतींवर, सोन्याच्या वर्खात, भिऊन भिऊन काढले. का? न्हाई काढले तर इचारतील, का काढत न्हाईस. चांगला चितारी म्हणून त्याला जहाजात घालून गोव्याला आणला. तिथंबी भिंती, तिथंबी देव. आन् एक दिवस शेजारणीच्या ध्यानात आलं, ह्याच्या घरातनं शनिवारी धूर निघत न्हाई. चूल पेटत न्हाई! बास, एवढाच गुन्हा. लोकांची चूल बघणारी माणसं, मायबाप, सगळ्या मुलखात असत्यात!"

मंडपात हुंकार उठला. कडेला भरत अस्वस्थ होऊन घड्याळ बघत होता.

"भाऊ धरला गेला. त्याचं काय केलं ते मी ह्या लेकरांसमोर सांगत न्हाई. याकूब पळाला. होडीत माशांच्या पाट्यांखाली पडून चौलला आला, तिथनं बैलांच्या तांड्यामागं नाणेघाट चढला. वर येऊन तेनं देवाला शब्द दिला, ह्या हातानं पुन्यांदा भिऊन देव काढणार न्हाई. तुला बघितलं न्हाई ते बघितलं म्हणणार न्हाई. आन् असा तो, पायाला चिंध्या बांधल्याल्या, पोटात अन्न न्हाई, जुन्नरच्या वेशीवर आला. पहारेकरी म्हणाले, गोरा हाय, फिरंग्यांचा हेर असंल. सराफानं दार लावलं. सराईवाल्यानं दार लावलं. मंदिरातनं सांगितलं फुडं जा, मशिदीतनं सांगितलं फुडं जा. पाऊस लागला. चितारी वेशीच्या भिताडाला टेकून बसला. आन्..."

इथं बुवा थांबले. चिपळ्या थांबल्या. भागूचा हात मृदंगावर अधांतरी राहिला.

लोकांना पुढचं पाठ होतं. पुढं ओल्या बाह्यांचा कागदी येतो, हौदावरून उठून, हातातला लगदा झटकत, आणि दार उघडतो. इथं दरसाल बाया डोळ्यांना पदर लावतात. लोक वाट बघू लागले. बुवा बोलेनात.

"आबा," भरत खालून कुजबुजला, "फुडं चला की. गावात आला, चित्र काढलं, झालं."

"कसा आला?" बुवा मोठ्यानं म्हणाले. "कमिटीचा हुकूम हाय, कागद्याचं सांगायचं न्हाई. मग मला सांगा, दार कुणी उघडलं? कुणीच न्हाई. चितारी वेशीवर बसलाय. आत घेणारं कुणी न्हाई तर ही भिंत न्हाई, हे चित्र न्हाई, हा सप्ता न्हाई. माझं चरित्र वेशीवर थांबलंय. फुडं जात न्हाई."

मंडपात कुजबूज पसरली. भरतनं जाऊन माइक बंद केला. त्यानं काय होणार? बुवांचा गळा डोंगरावर मेंढरांना हाका मारून तयार झालेला.

आणि इथं एक रीत आडवी आली, जी या भागात लहान लेकरालाही ठाऊक आहे. कीर्तन अर्धं सोडून कुणी उठत नाही. बुवा शेवटचा अभंग म्हणून गादीवरून उतरल्याशिवाय पंगत बसत नाही, पातेल्यावरचं झाकणसुद्धा निघत नाही. सावळेरामबुवा गादीवर पाय रोवून उभे राहिले.

"आबा, वरण गार होतंय," जानकू हात जोडून म्हणाला.

"होऊ दे. चितारी उपाशी बसलाय वेशीवर, त्याचं कुणी बघितलं?"

"त्याला मरून शेकडो वर्षं झाली!" भरत ओरडला.

"तुमी त्या बैठकीत मारला त्याला! चहा पीत पीत मारला. आन् कट्यार मी दिली तुमच्या हातात." बुवा लोकांकडं वळले. "ऐका समदे. मी बैठकीत म्हणालो, चितारी मुसलमान न्हवता. शब्द खरा व्हता, पण मी तो लबाडासारखा वापरला. मुसलमान न्हाई म्हणून तरी ठिवा, असं म्हणालो मी! म्हंजे असता तर पुसला असता? उद्या हितला मेंढका तरी कशाला पायजे म्हणतील, माझा बाप मेंढकाच व्हता. ह्या तोंडानं मी तुमाला जन्मभर संतांची दया सांगितली. थू माझ्या तोंडावर."

मग बायकांत बसलेली प्रयागबाई गुडघ्यांवर हात टेकत उठली. भरतची ती सख्खी चुलती.

"भरत्या, मुडद्या, तू तान्हा असताना तुझी आई तुला मांडीवर घेऊन हितंच बसायची. दार कुणी उघडलं, ते मला ठावं हाय, हिला ठावं हाय, समद्यांना ठावं हाय. कागद्यानं उघडलं. तुला वाटतं, तू सांगू नका म्हणालास म्हणून आमी इसरू? जा, गाडी काढ. कासमला घेऊन ये."

"आत्ता? जुन्नरला?"

"मग काय पुढल्या साली?" दुसरी एक बाई म्हणाली आणि बायकांत हशा उठला. पण तो हसण्याचा हशा नव्हता, भरतच्या कानशिलात बसल्यासारखा होता. पुरुष अजूनही खाली बघत होते. मग भागूनं मृदंग मांडीवरून काढून बाजूला ठेवला. टाळकऱ्यांनी टाळ गळ्यातून काढले. भरतनं एकेकाकडं पाहिलं, किल्ली चाचपली आणि तो गेला.

बुवा बसले नाहीत. कुणीतरी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. लेकरं भुकेनं किरकिरू लागली, तरी ते हलले नाहीत. ओतूरकडून आलेली काही माणसं कंटाळून, काही चिडून, रीत मोडून निघून गेली. "बुवाला डोकं चढलंय," असं जाता जाता म्हणालीसुद्धा. म्हणू देत.

गाडीचं दार वाजलं. आधी भरत आला, उतरल्या तोंडानं. त्याच्यामागं नूरबी, हातात गुंडाळलेला कागद. कासम नव्हता.

"मी पाया पडलो त्याच्या, आबा," भरत म्हणाला. "तेनं वर बघितलं बी न्हाई."

"का बघावं?" नूरबी म्हणाली. मग ती बुवांकडं वळली. "त्यांचं मन न्हाई झालं, म्हाराज. होईल का न्हाई, मला ठावं न्हाई. मी बी तुमच्या कमिटीसाठी आले न्हाई. हा म्हणाला, चितारी वेशीवर थांबवलाय, पावसात. मला बसवेना दुकानात." ती गादीमागं गेली आणि थांबली. "कागद लावू कुठं? जागा भरलीया की."

सगळा मंडप त्या निळ्या फ्लेक्सकडं बघत होता. भरत पुढं झाला. दोरी त्यानंच आवळून बांधली होती, सुटेना. त्यानं दातानं ओढली, नखानं ओढली. कुणी मदतीला उठलं नाही. शेवटी फ्लेक्स टरकन फाटून खाली आला आणि तो त्या दाढीवाल्याला काखेत मारून बाजूला झाला. नूरबीनं कागद लावला, कोपरे तळहातानं दाबले आणि बायकांत जाऊन बसली. प्रयागबाईनं तिच्यासाठी सतरंजीवर जागा केली.

"सांगा," नूरबी म्हणाली. "लई उशीर झालाय."

बुवांनी चिपळ्या उचलल्या. दार उघडलं, कागदी बाहेर आला, चितारी आत गेला, त्याला भाकरी मिळाली, हौदाशेजारची कोरडी जागा मिळाली, आणि पुढं तो ह्या वस्तीवर, ह्या भिंतीपाशी आला. सगळं त्यांनी सांगितलं, एक शब्द गाळला नाही. पण दरसालची माया त्या आवाजात नव्हती. बाया रडल्या नाहीत. सगळे ताठ बसून ऐकत होते, शाळेत मार खाल्लेल्या पोरांसारखे.

पंगत बसली तेव्हा नूरबी जेवायला थांबली नाही. भरत गाडीची किल्ली घेऊन पुढं आला, तिनं मान हलवली आणि चालू लागली. सावळेरामबुवा तिच्यामागं फाट्यापर्यंत गेले. एस्टी येईस्तोवर दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते. मागून स्पीकरवर भरतचा आवाज येत होता, वाढप्यांना पुकारणारा.

एस्टी दिसली तसे बुवा घाईनं म्हणाले, "वैनी, कासमभाईला सांगा, मी—"

"मी कशाला सांगू?" पायरीवर पाय ठेवत नूरबी म्हणाली. "तुमचं तुमी येऊन बोला. आन् ते काय बोलतील ते उभ्यानं ऐकून घ्या."

"येतो," बुवा म्हणाले. "उद्याच येतो."

कंडक्टरनं घंटी मारली. एस्टी ओतूरमार्गे जुन्नरकडं निघाली आणि सावळेरामबुवा उपाशीपोटी, पागोटं हातात घेऊन, रस्त्यात उभे राहिले. राग अजून तसाच होता. आज पहिल्यांदाच तो उतरावा असं त्यांना वाटलं नाही.